हसायला बंदी

डेलिमा मनापासून हसली की तिच्या अंगातलं बळच जाई. शुद्ध असे, पण मान कलंडे, गुडघे वाकत आणि ती कोसळे. मेंदूचा हा आजार फार क्वचित कुणाला होतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर ती काम करायची त्या कारखान्यात बायका रांगेत उभ्या राहून शेवंडांची, म्हणजे मोठ्या समुद्री झिंग्यांची, कवचं फोडून मांस काढत आणि दिवसभर आपापल्या नवऱ्यांची टर उडवत. मागे इर्माच्या एका किश्श्यावर डेलिमा हातातल्या सुरीसकट पडली. मुकादम म्हणाला, "पुन्हा पडलीस तर घरीच बस."

त्या दिवसापासून तिच्यासमोर कुणी एकही विनोद केला नाही. तिची नोकरी सगळ्यांनी मिळून जपली.

आज जेवणाच्या सुट्टीत ती आत आली आणि हसती खोली गप्प झाली. डेलिमा भिंतीला टेकून सरळ जमिनीवरच बसली.

"घ्या, आता पडायला जागाच उरली नाही. सांग गं इर्मा, काय केलं तुझ्या येड्याने?"

"काही नाही गं बाई. थंडीचंच बोलत होतो."

"थंडीने एवढे गाल लाल होतात होय तुझे?"

"नको गं राणी. मुकादमाने पाहिलं तर?" इर्माने आपलं जाकीट मायेने तिच्या पाठीमागे सरकवलं, आणि सगळ्याजणी डबे उचलून बाहेर धक्क्यावर गेल्या.

दार लागलं. जरा वेळाने बाहेर एकदम खसखस पिकली. किस्सा काही डेलिमाला ऐकू आला नाही. तरी ती हसली, आणि तिची मान हळूच छातीवर कलंडली.