देवीला विचारून

अल्पेशने दुबईच्या वेशीवरच्या तीन वसाहतींमधल्या तीन घरांचे फोटो गावी रेवसला आईकडे पाठवले आणि म्हणाला, "गावदेवीला कौल लाव. देवी सांगेल तेच घर घेऊ." खरं तर घर कधीच घेऊन झालं होतं. बायकोला आणि लेक प्राप्तीला घेऊन तो तिथे राहायलाही गेला होता. पण देवीला न विचारता त्यांच्यात कुणी साधी विहीर खणली नव्हती आणि आपण वाळवंटात कायमचं घर करून बसलो, हे आईला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मंगळवारी त्याच्या आईने, ठमाबाईने, उपास धरला, गुरवाकडून देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे कौलाच्या दोन कळ्या लावून घेतल्या आणि दुपारी देवळातूनच फोन केला.

"कुठलं घर सांगितलं देवीने?" अल्पेशने विचारलं.

"घराचं इचारलंच न्हाय. मधल्या फोटोत दाराशी आपल्या प्राप्तीच्या चपला हायत. मीच घेतलेल्या तिला जत्रेत."

अल्पेशने फोनवरच तो फोटो मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "मग काय विचारलंस?"

"तू परत गावाला येशील का, तेवढंच. उजवी कळी पडली तं व्हय, डावी पडली तं न्हाय."

"कुठली पडली, आई?"

"सकालपासून एकपण न्हाय पडली. गुरव म्हनतो, देऊळ बंद करून जेवायला जातो. तू ठेव फोन. मी बसतंय अजून."