आधी कोण

नास्तास्या सकाळपासून त्या लांबलचक बोळात फेऱ्या मारत होती. गर्भपिशवीचं तोंड आठ दिवसांपूर्वीच चार सेंटीमीटर उघडलं होतं आणि तिथंच अडून बसलं होतं. कळांचा पत्ता नव्हता. नर्स रोज तपासायची आणि रोज म्हणायची, "चारच. वाट बघू."

बेथेल शहरातल्या या गरोदर बायकांच्या घरात सगळ्या वाट बघणाऱ्याच. गावात डॉक्टर नाही, म्हणून महिनाभर आधीच विमानात बसवून इथं आणून सोडलेल्या. नास्तास्याच्या खोलीतली मार्टिना दारात बसून सुका मासा चघळत होती. ती म्हणाली, "बये, एवढ्या चालण्यात तू गावाला पोचली असतीस."

नास्तास्याला हसू आलं नाही. गावात तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. नदी धड गोठत नव्हती, धड वाहत नव्हती, म्हणजे ना बर्फावरून जाता येत होतं, ना होडीनं; आणि धुक्यामुळे दोन दिवस विमान उडालं नव्हतं. बाळ झालं तर निदान फोनवर तरी त्याचं तोंड आईला दाखवता येईल, एवढ्या आशेवर तिचे पाय चालत होते.

दुपारी गावाहून भावानं फोन लावला आणि आईच्या कानाशी धरला.

"चालतेयस ना गं? धाप ऐकू येतेय. बस खाली."

"आई, तुला बाळ बघायचं नाही?"

"बघून काय करू? मला यायचंय."

नास्तास्या चालता चालता थांबली. त्यांच्यात माणूस गेल्यावर गावात जे पहिलं मूल जन्मतं, त्याला गेलेल्याचं नाव मिळतं आणि नावाबरोबर माणूसही परत येतो. हे काय तिला नव्यानं सांगायला हवं होतं? तिच्या थोरल्या मुलाला आईच्या वडिलांचं नाव होतं. आई त्या चार वर्षांच्या पोराला 'बाबा' म्हणायची आणि त्याच्यावर मुलीसारखी रुसायची.

"तुझं आधी झालं तर मी जाऊ कुणाकडे? शेजारच्या वासिलीच्या सुनेकडे? तुझ्यामागे तिचाच नंबर आहे. त्या घरात कुणाला मासा धड चिरता येत नाही. जन्मभर त्यांच्या हातचं खाऊ?"

पलीकडे भाऊ हसला आणि मध्येच थांबला.

"मला तू आई म्हणून हवीयस," नास्तास्या म्हणाली.

"ते आता होणं नाही, पोरी."

तेवढ्यात कमरेतून कळ निघाली. पोट दगडासारखं घट्ट झालं. नास्तास्यानं भिंतीला लावलेला कठडा धरला आणि ओठ दाबले. मार्टिना मासा टाकून उठली, तशी नास्तास्यानं तिला हातानंच गप्प बसवलं.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. अजून काहीच नाही, आई."

आईनं सुटकेचा श्वास टाकला. "शहाणी गं माझी. थांब हं मग जरा. मी करते घाई."