खातं ओवीच्या नावाचं

मिसळ समोर आली आणि ढुंढिराजांना दरदरून घाम फुटला. अजून रस्सा वाढूनही घेतला नव्हता हो त्यांनी!

शेजारी लेक ओवी. समोर श्रेयस आणि त्याची आई प्रतिभाताई. त्याचे वडील पूर्वीच गेलेले. मखमलाबाद रोडवरच्या मळ्यातली मिसळ, रविवारची सकाळ, चहूकडे गलका. स्थळ उत्तम होतं. भानगड एवढीच, की लग्नाच्या साइटवर ओवीच्या नावानं श्रेयसशी दोन महिने गप्पा मारल्या होत्या त्या ढुंढिराजांनी.

ओवी कुणाला उत्तरच देत नव्हती. मग बापानं काय करायचं? तिच्या वतीनं त्यांनी एक 'नमस्कार' टाकला आणि पुढे हात काही थांबेना. पोरगा लिहायचाही किती गोड! जुनी नाट्यगीतं, कुंडीतला गवती चहा, दुपारी एकट्यानं जेवायचा कंटाळा. बायको गेल्यापासून त्यांच्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं.

आणि ही ओवी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला! कालच कॉलेजच्या वादविवादात 'इंटरनेटवर खोट्या नावानं वावरणाऱ्यांना सरळ तुरुंगात टाका' असं ठणकावून बक्षीस घेऊन आली होती. आता त्या पोरानं तोंड उघडलं की संपलंच. या वयात लेकीच्या नजरेतून उतरायचं म्हणजे काय!

श्रेयसनं तोंड उघडलं. "काका, पापड घ्या ना," एवढंच म्हणाला.

ओवीनं रश्श्याची वाटी उचलली. प्रतिभाताई पटकन म्हणाल्या, "अगं, जपून! पित्त होतं ना तुला? मग रात्री उठून थंड दूध प्यावं लागतं."

"मला?" ओवीचा हात थांबला. "पित्त बाबांना होतं, काकू."

"आई, तुला हे कुणी सांगितलं?" श्रेयसनं विचारलं.

प्रतिभाताईंचे कान लाल झाले. "तू दिवसभर सिन्नरला कंपनीत. साइट उघडून तरी बघायचास का रे? मग मीच आपलं, तुझ्या नावानं..."

ढुंढिराजांनी मान वर केली. "म्हणजे तो गवती चहा तुमचा?"

"आणि पित्त तुमचं!" प्रतिभाताईंना हसू आवरेना.

ओवी हसली नाही. कालच्याच वकिली आवाजात म्हणाली, "बाबा, फोन द्या."

"चुकलं गं माझं. पण नाव सोडलं तर एक अक्षर खोटं लिहिलं नाही मी."

"मीही नाही," प्रतिभाताई हळूच म्हणाल्या.

"फोन."

त्यांनी मुकाट्यानं दिला. ओवीनं साइट उघडली आणि स्वतःचं नाव खोडलं. आता सगळंच पुसणार ही! उद्यापासून दुपारी कुणाशी बोलायचं? ओवीची बोटं मात्र चालूच होती. मान वर न करताच तिनं विचारलं,

"बाबा, तुमची जन्मतारीख सांगा. खरी!"