अ‍ॅमॉस क्रंप यांचं मत

आमच्या डोंगराकडच्या काउंटीत वकील दोनच, टोबायस पेटन आणि अ‍ॅमॉस क्रंप. अकरा वर्षं प्रत्येक खटल्यात दोघे समोरासमोर, आणि कोर्टाबाहेरही एकमेकांचं तोंड पाहायची इच्छा नसे.

१७९८च्या एप्रिलात पेटन विधानसभेला उभे राहिले, एका तंबाखूच्या मळेवाल्याविरुद्ध. आमच्या व्हर्जिनियात मत चिठ्ठीवर नसतं. कोर्टाच्या ओसरीवर शेरीफसमोर उभं राहून नाव मोठ्याने सांगायचं, आणि तिथेच बसलेल्या उमेदवाराने उठून आभार मानायचे. संध्याकाळी मतं बरोबरीत आली, आणि मत द्यायचे राहिले एकटे क्रंप.

पेटनबाईंनी नवऱ्याची टोपी उचलली. "चला घरी. हा मेला काय बोलणार, ते ऐकायला थांबायचं नाही."

"टोबायस पेटन," क्रंप खणखणीत आवाजात म्हणाले.

पेटन उठले, पण आभार मानायचे सोडून त्यांनी क्रंपना सरळ मिठी मारली. "अकरा वर्षं मी तुम्हाला ओळखलंच नाही हो."

"अहो, तुमच्यासारखा माणूस राजधानीतच शोभतो," क्रंप म्हणाले.

डिसेंबरात पेटन विधानसभेच्या अधिवेशनाला, अख्ख्या हिवाळ्यासाठी, घोड्यावरून राजधानी रिचमंडला निघाले. रस्त्याच्या वळणावर त्यांनी सहज मागे वळून पाहिलं.



क्रंपच्या दारात पेटनच्या अशिलांची रांग लागली होती, आणि क्रंप हात हलवत ओरडत होते, "सावकाश या, पेटनसाहेब. पुढच्या खेपेलाही माझं मत तुम्हालाच."