फळीखालचा पाहुणा

सदुसष्ट सालच्या त्या रविवारी सकाळी धोबी तलावच्या ‘ब्लू लँटर्न’ क्लबात रॉक अँड रोल ऐन रंगात आलं आणि स्टेजची फळी कडाडली. कार्यक्रम थांबला, तर पोरं खुर्च्या मोडणार! घाबरलेल्या मालकांनी, मिनूशेठनी, शेजारच्या भिकाजी सुतारांना आणलं.

"ह्यो कसलो धिंगाणो!" पुटपुटत भिकाजी स्टेजखाली शिरले. टेकू द्यायला काही मिळेना, म्हणून त्यांनी फळी पाठीवरच तोलून धरली. ड्रमचे ठोके बरगड्यांत घुमू लागले. पाय कधी ताल धरू लागला, त्यांनाही कळलं नाही.

गाणी संपल्यावर ते धुळीनं माखून बाहेर आले.

"तुमी क्लब वाचवला," मिनूशेठ म्हणाले. "काय पण मागा!"

"पुढच्या रविवारी माका वर बसवा. खालसून नुसते ठोके कळतत, गाणा ऱ्हवानच गेला."