उलटे मोजे

"तान्ह्या पोरीला घेऊन परदेशातून गावापर्यंत? एकट्या बाप्याला जमायचं नाही," बहीण म्हणाली होती. पण बायको वारल्यावर त्याने ठरवूनच टाकलं होतं, नात आजीच्या मांडीवर द्यायचीच.

विमानात बाळाचे मोजे उलटे दिसले. आतली शिवण टोचते म्हणून बायको तसेच घालायची. त्याने ते सुलटे केले. गावाकडच्या बसमध्ये पाहिलं तर पुन्हा उलटे. तोही हट्टाला पेटला, पुन्हा सुलटे केले.

दारातच सासूबाईंनी नात कुशीत घेतली आणि पाय चाचपून डोळे पुसले. "उलटेच? माझ्या लेकीची खोड उचललीत वाटतं, जावईबापू. या, बूट काढा."

घर सोडल्यापासून त्याने बूट काढलेच नव्हते. आता काढले.

त्याचेही मोजे उलटे होते.