सापासाठी काडतुसं

ॲरिझोनाच्या माळावर उन्हाळा लागला, की शेपटी खुळखुळ वाजवणारे विषारी रॅटलस्नेक थेट कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येतात. त्यांच्यासाठी म्हातारा हॉलिस रायफलच्या झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कापायचा, त्यांत बारीक छर्रे भरायचा आणि आपल्या जुन्या रिव्हॉल्वरची काडतुसं घरीच बनवायचा. अलीकडे त्याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नसे, पण या कामात हात अजून चुकत नव्हता.

आज सून मार्नी अंडी काढायला गेली, तर खुराड्याच्या दारातच शेपटी वाजली. तिनं एकाच बारात साप आडवा केला.

"बाबा, मानलं तुम्हाला!" घरात येत ती म्हणाली. "पण तुमच्या पुंगळ्या तर कधीच्याच संपल्या होत्या ना?"

"अगं, वेस्लीच्या कपाटात घबाड मिळालं! मखमली पिशवीत, सगळ्या एकसारख्या, चकचकीत. पोरानं अगदी जपून ठेवल्या होत्या बघ." म्हातारा खुशीत हसला, मग जरा ओशाळला. "सगळ्या कापून टाकल्या मी. तो घरी आला ना, की तूच सांग त्याला. माझ्यावर ओरडेल."

मार्नीनं रिव्हॉल्वर हळूच टेबलावर ठेवलं.

"सांगते हं, बाबा."



वेस्लीच्या शवपेटीला सलामी देताना सैनिकांनी हवेत झाडलेल्या फैरींच्या त्या पुंगळ्या, दफन झाल्यावर एकेक वेचून त्यांनी मार्नीच्या ओंजळीत दिल्या होत्या.